रुईच्या पानावरचा पाहुणा



शनिवारी मारुतीला माळ करायची म्हणून तुमच्या घरचे कुणीतरी रुईची पाने आणायला बांधावर जात असेल. पाने तोडता तोडता एखाद्या पानाखाली करंगळीएवढी, काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसली असेल. अंगावर केस नाहीत, पण पाठीवर पुढे, मध्ये आणि मागे अशा काळ्या मऊ शेपट्यांच्या तीन जोड्या. मग तुम्ही काय केलेत? पान झटकले असेल, नाहीतर अळी वहाणेखाली चिरडली असेल.

यात तुमचा फारसा दोष नाही. अळी म्हटली की शेतकऱ्याच्या पोटात गोळाच येतो. कपाशीत बोंडअळी, तुरीत आणि हरभऱ्यात घाटेअळी, मक्यात लष्करी अळी. ही अमेरिकन लष्करी अळी तर २०१८ साली पहिल्यांदा आपल्या देशात दिसली आणि बघता बघता मक्याचे पोंगे खाऊ लागली. ज्याने पिकाची अशी नासाडी डोळ्यांनी पाहिली, त्याच्या हाताला अळीवर दया करायची सवय कुठून असणार?

पण रुईवरची ही पट्टेरी अळी त्या भाऊबंदांतली नव्हे. रुई आणि रुईच्या कुळातली दुसरी चिकाची झाडेवेली, एवढाच तिचा आहार. कपाशी, तूर, ज्वारी, भाजीपाला, यांतल्या कशालाही ती तोंड लावत नाही. आणि तिला तीन-चार आठवडे सुखाने जगू दिले तर तिचे एक देखणे, नारिंगी फुलपाखरू होते. हा सगळा खेळ घरच्या ओसरीवर, एका पुठ्ठ्याच्या खोक्यात पाहता येतो. खर्च जवळजवळ नाही. घरात चौथी-पाचवीतले मूल असेल तर त्याला हे काम जरूर द्या. पण त्याच्याबरोबर आपणही बसा. कारण यात शिकण्यासारखे मोठ्यांनाही पुष्कळ आहे. निदान मला तरी शिकावे लागले. ते कसे, ते पुढे सांगतोच.

पाहुण्याची ओळख

या फुलपाखराला इंग्रजीत ‘प्लेन टायगर’ म्हणतात. पंख पसरले म्हणजे सात-आठ सेंटिमीटर भरतात. रंग पिकलेल्या संत्र्यासारखा. पुढच्या पंखांची टोके काळी आणि त्या काळ्यावर पांढरे ठिपके. नर-मादी ओळखायची खूणही सोपी आहे. मागच्या पंखावर मधोमध तीन काळे ठिपके असले तर ती मादी. नराला या तिन्हींशिवाय आणखी एक, आत पांढरा आणि कडेने काळा असा किंचित फुगीर ठिपका असतो.

आफ्रिकेपासून आपल्या देशापर्यंत आणि त्याच्याही पुढे पूर्वेकडे हे फुलपाखरू आढळते. माणसाने ज्यांची चित्रे काढली अशा अगदी पहिल्या फुलपाखरांत त्याची गणना होते. इजिप्त देशात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका भिंतीवरच्या चित्रात ते आजही ओळखू येते.

ते उडते कसे, तेही पाहा. इतर फुलपाखरे माणसाची चाहूल लागताच भुर्रकन जातात. हे मात्र पाटलाच्या चालीने, सावकाश फिरते. त्याला घाई नाही, कारण त्याला भीती नाही. रुईचा चीक विषारी असतो. अळी तोच खाऊन वाढते आणि त्यातले कडू विष अंगात साठवते. पक्ष्याने एकदा चोच मारली तर चव अशी लागते की पुन्हा तो त्या रंगाच्या वाटेला जात नाही. पंखांचा भडक नारिंगी रंग म्हणजे दारावर लावलेली धोक्याची पाटी. पकडले तर ते मेल्याचे सोंगही घेते आणि सोडले की उठून उडून जाते.

या पाटीचा फायदा घेणारे एक नक्कलखोरही आहे बरे का! ‘डॅनेड एगफ्लाय’ नावाच्या दुसऱ्या फुलपाखराची मादी हुबेहूब अशीच दिसते. तिच्या अंगात विष मुळीच नाही; पण पक्षी फसतात आणि तिला सोडून देतात. तिचा नर मात्र काळाभोर, पंखांवर मोठे पांढरे गोल असलेला. नवरा-बायको एका घरचे आहेत हे सांगूनही खरे वाटू नये!

तयारी

पावसाळा सुरू झाला की रुईला कोवळा पाला फुटतो. तेव्हापासून दिवाळीपर्यंत हे काम करायला हंगाम चांगला. तुम्हांला एवढेच सामान लागेल :

किराणा दुकानातला एक पुठ्ठ्याचा खोका, हातभर उंचीचा. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा. तळाला घालायला वर्तमानपत्राचा कागद. खराट्याच्या दोन-तीन काड्या. औषधाची एक रिकामी, स्वच्छ धुतलेली लहान बाटली आणि थोडा कापूस. शिवाय एक वही आणि पेन्सिल.

खोक्याची एक बाजू कापून तेथे मच्छरदाणी ताणून चिकटवा. हवा खेळती राहिली पाहिजे. काचेच्या बरणीला झाकण लावून त्यात अळ्या ठेवण्याचा मोह होतो, पण तसे करू नका. बरणीत घाम सुटतो, पानांना बुरशी येते आणि अळ्या सडून मरतात. खोक्याच्या वरच्या बाजूला काड्या आडव्या खोवा. कोष टांगायला त्या उपयोगी पडतील.

खोका सावलीत ठेवा. चुलीचा धूर, उदबत्ती आणि विशेषतः डासांची अगरबत्ती किंवा फवारा यांपासून तो दूर हवा. जे औषध डासाला मारते ते अळीलाही मारते. मुंग्या आणि पाली हे दोन मोठे शत्रू. दुधाच्या कपाटाचे पाय आपली आजी पाण्याच्या वाट्यांत ठेवीत असे, तीच युक्ती करा. खोका स्टुलावर ठेवा आणि स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत.

चिकाची काळजी

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. रुईचे पान तोडले की पांढरा चीक येतो. हा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याच्या बुबुळाला सूज येते आणि दिसणे अंधुक होते. कधीकधी सुरुवातीला दुखतही नाही, त्यामुळे माणूस दुर्लक्ष करतो आणि तेथेच घात होतो. म्हणून पाने तोडायचे काम मोठ्या माणसाने करावे. पान तोंडासमोर धरून तोडू नये. तोडलेले पान थोडा वेळ उलटे धरून चीक गळू द्यावा. काम झाले की साबणाने हात धुवावेत आणि तोपर्यंत डोळ्याला हात लावू नये. चुकून चीक डोळ्यांत गेलाच तर स्वच्छ वाहत्या पाण्याने बराच वेळ डोळा धुवावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. घरगुती औषध घालत बसू नये.

अळी हाताळली तर मात्र काही होत नाही. केसाळ सुरवंटासारखी ती खाजवत नाही आणि तिच्या काळ्या शेपट्या टोचत नाहीत. तरी खोक्यात हात घातल्यावर हात धुवायची सवय ठेवावी.

अंडे शोधावे की अळी?

नवशिक्याने दोन-तीन मध्यम अळ्यांपासून सुरुवात करावी. एकदा हात बसला की मग अंड्यापासून करून पाहावे.

अंडे शोधायचे तर रुईच्या कोवळ्या पानाची खालची बाजू पाहा. मादी एका जागी एकच अंडे घालते; पुढे अळ्यांची अन्नावरून भांडणे नकोत, म्हणून ही व्यवस्था. अंडे खसखशीच्या दाण्याएवढे, पांढरट आणि चकचकीत असते. भिंगातून पाहिले तर त्यावर उभ्या रेघा दिसतात. अंड्यासकट पान आणावे. अंडे खरवडून काढू नये.

त्याच रुईवर निळ्या-पिवळ्या रंगाचा एक मोठा टोळही तुम्हांला भेटेल. तोही रुई खाणाराच. त्याला धरले तर तो कडू पाण्याची पिचकारी मारतो. त्याला तेथेच राहू द्या.

एका खोक्यात तीन-चारांपेक्षा जास्त अळ्या ठेवू नयेत. गर्दी झाली की घाण वाढते, घाण वाढली की रोग येतो, आणि एकीचा रोग सगळ्यांना लागतो. कोंबड्यांच्या खुराड्याचा जो नियम तोच येथे.

रोजची कामे

तीन-चार दिवसांत अंडे फुटते. बाहेर येणारी अळी दोन-तीन मिलिमीटरची, फिकट अंगाची आणि काळ्या डोक्याची असते. तिचे पहिले जेवण म्हणजे स्वतःच्या अंड्याचे टरफल. मग ती पान खाऊ लागते.

पान खाण्याची तिची रीत मुलांना जरूर दाखवा. रुईचा चीक चिकट. लहान अळीचे तोंडच त्यात चिकटून जायचे. म्हणून मोठे पान खाण्याआधी ती देठाजवळची शीर कुरतडून ठेवते. पाटाचे पाणी आपण जसे बारे फोडून दुसरीकडे वळवतो, तसा ती चीक मागेच अडवते आणि मग पुढचे पान निवांत खाते. हे तिला कुणी शिकवले असेल?

रोज सकाळी एकदा खोका साफ करावा. तळाचा कागद लेंड्यांसकट काढून नवा घालावा. ताजे पान द्यावे. रुईचे पान जाड असल्याने एक दिवस चांगले टिकते. डहाळी ठेवायची असेल तर ती बाटलीत पाणी घालून त्यात उभी करा, पण बाटलीचे तोंड कापसाने घट्ट बंद करायला विसरू नका. उघड्या बाटलीत उतरून अळ्या बुडून मरतात.

अळी बोटांनी ओढून काढू नये. ती पानाला पायांनी घट्ट धरते, ओढली तर इजा होते. जुन्या पानाचा ती बसलेला तुकडा कात्रीने कापून ताज्या पानावर ठेवावा. ती आपली आपण उतरते.

मधूनच एखादे दिवशी अळी काही खात नाही, हलत नाही. मुले घाबरतात. घाबरू नये, ती कात टाकणार असते. अंग वाढते पण कातडी वाढत नाही, म्हणून जुनी कातडी फाडून तिला बाहेर यावे लागते. असे चार वेळा होते. या वेळी तिला अजिबात हात लावू नये.

मुलाने वहीत तारीख घालून रोज एक ओळ लिहावी. अळीची लांबी दोऱ्याने मोजून पट्टीवर ठेवावी. बारा ते पंधरा दिवसांत ती जवळजवळ चार सेंटिमीटर होते. सगळ्यांत जास्त पाला ती शेवटच्या चार-पाच दिवसांत फस्त करते, तेव्हा पाने कमी पडू देऊ नका.

हिरवा कोष

पूर्ण वाढलेली अळी एके दिवशी खाणे सोडून खोक्यात फिरू लागते. वरच्या काडीवर किंवा झाकणाखाली ती रेशमाची छोटी गादी विणते, त्यात मागचे टोक अडकवते आणि डोके खाली करून आकड्यासारखी वाकून लोंबत राहते. आता खोका हलवू नका.

बहुधा दुसऱ्या दिवशी तिची कातडी डोक्यामागे फाटते. अंगाला आळोखेपिळोखे देत ती कातडी वर सरकवते आणि आतून गुळगुळीत कोष बाहेर येतो. हे सगळे काही मिनिटांत आटोपते. पाहायला मिळाले तर भाग्य समजा. पानांत झाला तर कोष बहुधा हिरवा असतो, कोरड्या काडीवर झाला तर कधीकधी गुलाबीसर. त्यावर सोन्याचे बारीक ठिपके असतात. आमची आजी असती तर म्हणाली असती की सोनाराने टाचणीच्या टोकाने लावले आहेत.

कोष आठ-दहा दिवस टिकतो. थंडीत जास्त लागतात. खोक्यात आता पाने नकोत. हवा फारच कोरडी असेल तर खोक्याशेजारी ओली चिंधी ठेवावी. कोषावर पाणी मारू नये.

कधी कोष काळा पडतो आणि त्यातून फुलपाखराऐवजी माशीच्या अळ्या निघतात. मुलांना वाईट वाटते. त्यांना समजावून सांगा, की त्या माशीने आपली अंडी आधीच या अळीच्या अंगावर घातलेली होती. अशाच प्रकारच्या काही माश्या आणि बारीक गांधीलमाश्या आपल्या शेतातल्या घाटेअळीलाही मारतात. त्यांना आपण मित्रकीटक म्हणतो. उसातल्या खोडकिडीवर ट्रायकोकार्ड लावतो, त्यातही असाच एक चिमुकला मित्र असतो.

निरोप

कोषाचा रंग गडद झाला आणि आतले नारिंगी पंख दिसू लागले, की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठा. कोष चिरतो आणि ओलेचिंब, आखडलेल्या पंखांचे फुलपाखरू बाहेर येऊन उलटे लोंबते. या वेळी त्याला मदत करू नका. पोटातले पाणी ते हळूहळू पंखांच्या शिरांत भरते आणि पंख उमलतात. त्यासाठी खाली मोकळी जागा हवी. खाली पडून पंख दुमडला तर तो जन्माचा दुमडतो. पडलेच तर त्याला काडीवर चढवून पुन्हा लोंबू द्या. कागदावर तांबूस थेंब पडतील. ते रक्त नव्हे. कोषातली साठलेली घाण ते टाकून देते.

दोन-तीन तासांनी पंख वाळतात. ऊन पडले म्हणजे खोका अंगणात न्या आणि झाकण उघडा. झेंडू, सदाफुली किंवा बांधावरची एकदांडी जवळ असली तर बरे, त्यांच्या मधावर त्याला जगायचे आहे. पाऊस असेल तर एक दिवस थांबा. टाचणी टोचून संग्रह करण्याचा नाद मुलांना लावू नका. कित्येक जातींच्या फुलपाखरांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले आहे, हेही त्यांना सांगा. वर सांगितलेली नक्कलखोर मादी त्यांतलीच एक.

सोडलेला नर पुढे खुळखुळ्याच्या किंवा तागाच्या वाळक्या फांद्यांवर बसलेला दिसला तर नवल करू नका. त्या झाडांतला कडू रस शोषून तो मादीला आवडणारा गंध तयार करतो. म्हणजे लग्नाच्या तयारीचे अत्तर!

माझी चूक

आता माझी गोष्ट. गेल्या वर्षी श्रावणात धाकट्या नातीने हट्ट धरला म्हणून मी पाच अळ्या आणल्या. तेरा दिवस सारे ठीक चालले होते. रविवारी मी कपाशीवर मावा-तुडतुड्यांसाठी फवारणी केली. मंगळवारी सकाळी घाईत होतो, म्हणून त्याच कपाशीच्या बांधावरची रुईची पाने तोडून आणली, विहिरीवर धुतली आणि खोक्यात घातली.

संध्याकाळी पाहतो तो अळ्यांनी खाणे सोडले होते. माना टाकल्या होत्या, तोंडातून हिरवे पाणी येत होते. बुधवारी सकाळी पाचही गेल्या.

नात म्हणाली, “आजोबा, तुम्ही पानं धुतली नव्हती का?”

“धुतली होती, बाळा.”

“मग?”

मला उत्तर देता येईना. फवारा वाऱ्याने किती लांब जातो आणि पानात किती मुरतो, हे मी तीस वर्षे शेती करूनही कधी पाहिले नव्हते. तिने वही काढली, तारीख घातली आणि लिहिले, “पाच गेल्या. पाने आपल्या बांधावरची होती.” ती ओळ वाचून मला त्या दिवशी जेवण गेले नाही. पाच अळ्यांचे दुःख किती करायचे, असे कुणी म्हणेल. पण खोक्यातल्या पाच आम्ही पाहत होतो म्हणून कळले. त्या रविवारी बांधावर आणखी काय काय मेले, ते पाहायला कोण गेले होते?

पुढच्या खेपेला ओढ्याकाठच्या पडीक जागेतली रुई शोधली. तेथे कोणी फवारत नाही. चार अळ्या आणल्या, त्यांतल्या तिघींची फुलपाखरे झाली. म्हणून तुम्हांला आवर्जून सांगतो : फवारलेल्या शेताजवळचे पान आणू नका. धुऊन विष जाईल, या भरवशावर राहू नका.

अमेरिकेतला चुलतभाऊ

माझ्या पाच अळ्यांचे जे झाले, तेच फार मोठ्या प्रमाणावर परदेशात झाले आहे. तेवढे सांगून मग आपल्या बांधाकडे येऊ.

आपल्या या फुलपाखराचा अमेरिकेत एक जवळचा भाऊबंद आहे, ‘मोनार्क’ नावाचा. रंग तसाच नारिंगी, अळी तशीच पट्टेरी. फक्त तिच्या पाठीवर शेपट्यांच्या दोनच जोड्या. तोही रुईच्या कुळातल्याच एका दुधाळ तणावर वाढतो. तिकडे घरोघरी आणि शाळांतून मुले त्याच्या अळ्या खोक्यात वाढवतात. थंडी पडू लागली की अमेरिका आणि कॅनडातली कोट्यवधी मोनार्क फुलपाखरे मेक्सिको देशातल्या डोंगरांकडे निघतात. काही तर चार हजार किलोमीटरपर्यंत उडतात. ती जातात कुठे, हे शोधण्यासाठी कॅनडाचे फ्रेड अर्क्वार्ट आणि त्यांच्या पत्नी नोरा यांनी कित्येक वर्षे पंखांवर छोट्या चिठ्ठ्या चिकटवल्या. शेवटी जानेवारी १९७५ मध्ये त्यांचे साहाय्यक केन ब्रुगर आणि कॅटालिना आग्वादो यांना ते ठिकाण सापडले. डोंगरावरच्या झाडांच्या फांद्या फुलपाखरांच्या भाराने वाकल्या होत्या.

ही फुलपाखरे मोजता येत नाहीत, म्हणून त्यांनी व्यापलेले रान मोजतात. आपल्या हिशेबाने सांगायचे तर १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते सुमारे ४५ एकर भरले. २०१३-१४ मध्ये ते पावणेदोन एकरांच्याही आत आले. २०२४-२५ मध्ये थोडे सावरले, तरी साडेचार एकरांहून कमीच. डोंगरातली झाडतोड आणि बिघडलेले हवामान ही त्याची कारणे आहेतच. पण एक मोठे कारण शेतातले आहे. तणनाशक सोसणारे मका आणि सोयाबीन आल्यावर तेथल्या शेतांतून दुधाळ तण जवळजवळ नाहीसे झाले. अळीचे ताटच गेले, मग फुलपाखरू कुठून येणार?

आपल्या बांधाचे काय?

आपले फुलपाखरू काही संपत चाललेले नाही, हे स्पष्ट सांगतो. उगाच भीती घालायची नाही. पण तणनाशकाचा पंप आता आपल्याही घरोघरी आला आहे. शेतात तो मारतोच, आणि उरलेले पाणी फुकट कशाला घालवायचे म्हणून बांधावरही मारून टाकतो. उन्हाळ्यात बांध जाळतो ते वेगळेच.

त्या बांधावरच्या रुईकडे एकदा बसून पाहा. तिच्या फुलांवर मोठा काळा भुंगा येतो. तोच तुरीच्या फुलांवरही येतो. तिच्या शेंड्यावर पिवळा मावा असतो. तो कपाशीवरचा मावा नव्हे, पण त्याला खायला ढालकिडे जमतात, आणि ढालकिड्याला पिकावरचा मावाही चालतो. बांधावरची दोन रुईची झाडे म्हणजे या सगळ्यांची धर्मशाळा. तिचे भाडे ती पिकाकडून घेत नाही.

सगळा बांध रान माजू द्या, असे माझे म्हणणे नाही. गोठ्याजवळची आणि लहान मुले खेळतात तेथली रुई काढलेलीच बरी, कारण चीक विषारी आहे. पण शेताच्या एका कोपऱ्यात, फवाऱ्यापासून लांब, दोन झाडे राखून ठेवा. घरातल्या खोक्यातून तुम्ही वर्षाला दहा फुलपाखरे सोडाल. ती दोन झाडे आपल्या आपण कितीतरी जास्त वाढवतील, आणि त्यांचा कागदही रोज बदलावा लागणार नाही!

आमच्या ओढ्याकाठच्या रुईला नातीने लाल चिंधी बांधली आहे, कुणी तोडू नये म्हणून. यंदा मी कपाशीच्या दुसऱ्या बांधावर फवारताना पंप बंद करून पुढे गेलो. तेथे एक रुई आहे. शेजारी विचारतात, “काय हो, एवढं सोडून का दिलंत?” मी सांगतो, “पाहुणे यायचेत.”

ध्यानात ठेवा

अंडे तीन-चार दिवस, अळी बारा ते पंधरा दिवस, कोष आठ-दहा दिवस. थंडीत याहून जास्त.

एका खोक्यात तीन-चार अळ्याच ठेवा. कागद आणि पान रोज बदला.

पाने मोठ्यांनी तोडावीत. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. हात साबणाने धुवावेत.

फवारलेल्या शेताजवळचे पान नको. खोक्याजवळ डासांचे औषध नको.

कात टाकताना, कोष होताना आणि पंख उमलताना हात लावू नका.

फुलपाखरू ऊन असताना, फुलांजवळ सोडा.

तुमच्या मुलांच्या वहीत काय काय नोंदले गेले, ते आम्हांला पत्राने जरूर कळवा. अळी मेली असेल तर तेही कळवा. का मेली, ते आपण मिळून शोधू.